आस

वेंगुर्ला बंदरावर, लिलावाच्या शेडमागे माझं ऑफिस.
म्हणजे एक खुर्ची, खोकणारा प्रिंटर
आणि कॅलेंडरवर जुलैच्या एकतीस तारखेभोवती लाल गोल.
बावीस वर्षं मी इथे बसून
लोकांची कमाई लिहितो.

परवा टीव्हीवर चर्चा होती :
कमाईवरचा कर काढून टाकायचा,
खर्चावर लावायचा. देशभर एकच.
मिळवाल ते तुमचं, विकत घ्याल त्यात सरकारचा वाटा.
किती सोपं, म्हणाला कोट घातलेला माणूस.
मलाही सोपं वाटलं.
जुलै रिकामा होईल, असंही वाटलं,
आणि मीही.

सवयीने वहीच्या समासात दोन नावं लिहिली.

दामोदर केळुसकर.
नऊशे हापूस कलमं, दोन कारखान्यांशी करार.
शेतीचं उत्पन्न, म्हणून आजही कर शून्य.
(समुद्रातलं उत्पन्न मात्र शेती नव्हे.
हे तांडेलांना समजावताना
दरवर्षी माझा घसा बसतो.
ते विचारतात, मग आम्ही पेरतो काय, जीव?)
नव्या करात सापडेल का केळुसकर?
चपलेचा अंगठा तिसऱ्यांदा शिवून घेतलाय त्याने.
चहा पितो तो समोरच्याच्या खात्यावर.
सापडलाच तर मुलीच्या लग्नात सापडेल,
तेही सोनार बिल देईल तर.

जयवंती मेथर.
हिच्या नावाचा कागद माझ्या कपाटात कधीच नव्हता.
पहाटे लिलावात एक टोपली उचलते,
मठ, तुळस, दारोदार.
कमाई किती, विचारलं तर हसते.
खर्च मात्र तोंडपाठ :
बर्फ साठ, टेम्पो चाळीस, मीठ, साबण,
नातवाची कंपासपेटी, सुनेच्या गोळ्या.
सकाळी आलेलं संध्याकाळी गेलेलं.
खर्चावर कर म्हणजे
हिच्या अख्ख्या दिवसावर कर,
आणि केळुसकराच्या फक्त चपलेवर.

बाहेर इनास फर्नांडिस रापणीची दोरी सांधत होता.
जाळ्याच्या भोकाला आमच्याकडे आस म्हणतात.
तो बोटं घालून मोजतो.
म्हणाला, आस मोठो ठेवलो तर बारकी पोरां सुटतत.
बारीक केलो तर सगळीच येतत,
मोठो मासो तेवढो फाडून जाता.
मी त्याला कराबद्दल काहीच विचारलं नव्हतं.

दुपारी जयवंती पंख्याखाली टेकली.
मी तिला सगळं सांगितलं.
हेही सांगितलं, की गरिबांना
दर महिन्याला थोडे पैसे परत देतील,
मीठ-साबणापुरते, असं ते म्हणतायत.
तिने टोपलीचा ओला काठ पुसला.
"परत देतले? मगे घेतत कित्याक?"
मी म्हटलं, हिशोब असतो.
"बरा. पण आधी देतले की मागसून?
माका बर्फ सकाळी लागता."

टीव्हीवर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.
मी चष्मा काढून पुसला,
बराच वेळ पुसला.

इथे रापण ओढतात तेव्हा
दोरीला हात लावलेल्या प्रत्येकाला वाटा मिळतो.
वाळूत उभ्या म्हाताऱ्यालाही मूठभर मोरी.
कोणी लिहून ठेवत नाही,
आणि भांडणंही होतात, नाही असं नाही.
गेल्या वर्षी एका वाट्यावरून
दोन भाऊ पोलीस ठाण्यापर्यंत गेले.
म्हणजे जुनं सगळं सोन्याचं होतं
असं मी म्हणत नाही.

जाताना तिने कागदात दोन बांगडे गुंडाळले
आणि कीबोर्डवर ठेवले.
"सल्ल्याचे."
मी नको म्हणेपर्यंत ती शेडच्या पलीकडे,
बर्फवाल्याशी घासाघीस करत.

रात्री बांगडे तळले. एक मी, एक बायकोने.
मग वही उघडली.
कमाईच्या रकान्यात लिहू
की खर्चाच्या?
बोटांना अजून वास येत होता.
पान कोरंच ठेवलं.